साहेबांचं ब्लँकेट

— नाही नाही, बस की, बस. ही पिशवी घेते मी मांडीवर. अगं जागा भरपूर आहे, लोकरच पसरलीय नुसती. मांजर ना टोपलीत? दोन डोळे तेवढे दिसताहेत. शिंका येतात तिला? येऊ देत गं, शिंकांनी कोणी दगावल्याचं मी तरी ऐकलं नाही. अगं-तुगं करते हं मी, माझ्या भाचीच्या वयाची दिसतेस. राग आला तर तोंडावर सांगून टाक, मनात ठेवू नकोस, मनात ठेवलं की काय होतं ते मी — जाऊ दे. तर तू काय विचारलंस? हां, हे. ब्लँकेट आहे. बाळाचं नाही गं! सगळ्यांना तेच वाटतं. मघाशी तुझ्या जागी ते पोपटवाले आजोबा बसले होते ना, ते म्हणाले, नातवंड येणार वाटतं घरात. म्हटलं, नातवंड कसलं, कुत्र्याचं आहे. आत आहे तो. ऑपरेशन चाललंय त्याचं.

कसलं म्हणजे — कणसाचं. हस, हस, मलाही आधी हसूच आलं होतं. मक्याचं कणीस गं, दाणे खाऊन उरतो ना मधला दांडा, तो गिळला मेल्याने. डॉक्टरीणबाईंनी तो काळा फोटो दिव्यासमोर धरून दाखवला, हे बघा आतडं आणि हा बघा तुमचा मका. मला आतडंही दिसलं नाही आणि मकाही दिसला नाही, पण मान डोलावली. आणि मग त्या म्हणाल्या, उशीर झालाय. एवढंच. आणायला उशीर झालाय, पोट उघडल्यावर कळेल. आता हे असं वाक्य बोलून माणूस हातमोजे घालायला निघून जातो, आणि आपण इथे बाकावर बसायचं, समोर भिंतीवर त्या कुत्र्याच्या दातांचं चित्र बघत. म्हणून मी आपली विणतेय. त्या मदतनीस बाईने सांगितलंय, शुद्धीवर येताना अंगावर घरचं काहीतरी घाला, घरचा वास आला की जनावर घाबरत नाही. आणि घरचा वास म्हणशील तर या ब्लँकेटला इतका आहे की मला स्वतःलाच लाज वाटते. धुतलेलं नाही कधी, धुणार कसं, पुरंच झालं नाही. आता एवढी ही कड राहिलीय बघ. त्याला बाहेर आणायच्या आत टाके बंद करायचेत मला. असंच घातलं तर नखात एक फास अडकेल आणि घरी पोचेपर्यंत सगळं उसवून परत गुंडा होईल.

नाव? त्याचं? आता बघ, इथे घोडं अडतं. कोणतं सांगू? मी त्याला लबाड म्हणते. लबाडच आहे तो, तू तोंड बघ त्याचं, बिस्कीट खाऊन झाल्यावर असा बघतो की जन्मात बिस्कीट मिळालं नाही. पण आमचे हे त्याला साहेब म्हणतात. हो, साहेब! आणि अहो-जाहो करतात वर. साहेब, चला फिरायला. साहेब, पाय पुसा. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांना हो साहेब, हो साहेब केलं ना, मग सवय सुटत नाही. तो दोन्ही नावांना ओ देतो, त्याला काय, ज्या नावाच्या मागे खाऊ आहे ते नाव त्याचं. पण मघाशी त्या खिडकीपाशी मला विचारलं, पेशंटचं नाव. आता हे माझ्यापासून हातभर अंतरावर उभे, मी इकडे, कुत्रा टेबलावर आडवा — आणि माझ्या तोंडून काय निघालं? साहेब. मी म्हटलं साहेब! ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं तर मी लगेच पाकिटात काहीतरी शोधायला लागले.

एकाच कुत्र्याला दोन नावं का म्हणजे? अगं, एक नाव ठेवायचं तर दोन माणसांनी आपसात बोलायला नको? आम्ही बोलत नाही. म्हणजे भांडण असं नाही हं. आदळआपट नाही, माहेर नाही, काही नाही. नुसतं बोलत नाही. गेल्या वर्षी हे निवृत्त झाले, त्या दिवसापासून. निरोपाचा कार्यक्रम होता छापखान्यात, मोठ्या हॉलमध्ये खुर्च्या, टेबलावर फुलं, मी पहिल्या रांगेत. नवे कपडे घेतले होते मी त्यासाठी, मी कामाला असते त्या दुकानातून सुट्टी काढून केस कापून आले होते. आणि ह्यांनी भाषण केलं. ह्यांनी! ज्या माणसाला घरी मीठ कमी पडलंय हे सांगायला अर्धा तास लागतो, त्याने भाषण केलं, आणि छान केलं गं, खोटं कशाला बोलू. मालकांचे आभार मानले. फोरमनचे मानले. कँटीनच्या बाईंचे मानले, दारावरच्या रखवालदाराचे मानले. मग — ऐक — मग त्या कागद कापायच्या मशीनचे आभार मानले. म्हणाले, या मशीनने माझी दहाही बोटं शाबूत ठेवली, मी तिचा ऋणी आहे. लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या! लोखंडाच्या मशीनला! मी आपली सरळ होऊन बसले, म्हटलं आता माझं नाव येणार, चेहरा कसा ठेवावा याचा विचार करत होते. आणि हे धन्यवाद म्हणून खाली बसले.

हो. संपलं. तेवढंच.

नाही गं, विसरले बिसरले काही नसतील. किंवा विसरलेही असतील, मला काय माहीत, मी विचारलं कुठे? घरी आल्यावर म्हणाले, कसं झालं? मी मिठाची गुळणी धरली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, काय झालंय? मी म्हटलं, काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले, आणि मी पुन्हा म्हटलं काही नाही, पण असं म्हटलं की दगडालाही कळलं असतं. मग त्यांनाही राग आला. बरोबरच आहे, मलाही आला असता. तेही गप्प झाले. आणि गप्प बसायचं म्हटलं की आमच्या ह्यांचा हात कोणी धरणार नाही! मला वाटलं होतं आठवडाभर चालेल. मग ते तसंच चालत राहिलं आणि मग असं झालं ना, की आता पहिलं कोण बोलणार आणि काय बोलणार, एवढ्या दिवसांनी माणूस काय, गॅस संपला म्हणून सुरुवात करणार? आमच्या घरात आधी दिवसभर नुसतं 'अहो, ऐकलंत का' चालायचं. शेजारची तर मला हाक मारायचीच ऐकलंत-का-बाई म्हणून. आता तीसुद्धा विचारते, अलीकडे तुमचा आवाज येत नाही हो.

तर अशात एक दिवस हे फिरून आले आणि मागून हा लबाड. चिखलाने बरबटलेला, एक कान उभा, एक कान पडलेला. मला काही विचारलं नाही, विचारणार कसे? सरळ आत. ह्यांनी त्याला पाणी दिलं, आणि मी ओट्यापाशी उभी राहून कुत्र्याला म्हटलं — कुत्र्याला हं — म्हटलं, सांग रे तुला आणणाऱ्याला, पाय पुसल्याशिवाय माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही. आणि हे त्याला म्हणाले, साहेब, त्यांना सांगा, पुसतोय. झालं! तिथून सुरू. लबाड, सांग त्यांना, गॅस संपलाय. साहेब, सांगा त्यांना, नंबर लावलाय. लबाड, सांग, माझ्या बहिणीचा फोन आला होता. साहेब, सांगा, मला भूक नाही. आणि तो इतका हुशार, त्याला एक शब्द कळला — सांग. सांग म्हटलं की उठायचं आणि दुसऱ्याकडे जायचं, कारण जाईल तिकडे बिस्कीट. फुगला नुसता! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन जास्त आहे. मी काय सांगणार, संसाराचा भार आहे म्हणून?

हसतेस तू छान. पण थांब, तुझा चष्मा घसरतोय बघ हसताना. दे इकडे. अगं दे, चष्म्याच्या दुकानात बसते मी, रोजचं काम आहे माझं. डावी काडी बाहेर गेलीय — उशीवर झोपतेस ना चष्मा घालूनच? वाटलंच. लाजू नकोस, दुकानात येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या झोपतात. हं, घाल आता. बसला की नाही नाकावर? माणसाच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं काय बिघडलंय ते मला एका नजरेत कळतं. दुकानात. दुकानात कळतं.

ब्लँकेट ना? सांगते की. आमचं घर लहान, दोन खोल्या. ह्या खोलीत मी झोपते, त्या खोलीत हे. आधीपासून नाही, हल्ली. आणि हा शहाणा झोपायचा कुठे, तर बरोब्बर मधल्या दारात. उंबऱ्याला पोट लावून, तोंड ह्यांच्याकडे आणि शेपूट माझ्याकडे, नाहीतर उलटं. फरशी थंडगार. थंडी सुरू झाली तसा कुडकुडायला लागला, पण जागा सोडायचा नाही. आता कोणी तरी म्हणायचं ना, त्याला गादी घालू, इकडे घेऊ, तिकडे घेऊ. पण कोणाकडे घेणार? म्हणून मी उरलीसुरली लोकर काढली, सगळ्या जुन्या स्वेटरांची, टोप्यांची, आणि विणायला घेतलं. अगदी साधं. सगळ्या ओळी सुलट, कुत्र्याला काय नक्षी कळणार? ह्या बाजूचं बघ, ही माझी वीण. ओढून बघ. पत्र्यासारखी घट्ट आहे की नाही? माझा हात पहिल्यापासून घट्ट. आता हे इथे बघ. बोट घाल. गेलं ना आरपार? ही माझी वीण नाही.

कोणाची म्हणून काय विचारतेस, घरात तिसरं कोण आहे, कुत्रा विणतो का? पूर्वी एकदा ह्यांचा पाय मोडला होता, दोन महिने प्लास्टरमध्ये. भयंकर वैताग आणला होता मला, इथे उशी ठेव, तिथली काढ. शेवटी मी सुया दिल्या हातात आणि विणायला शिकवलं, गप्प बसावेत म्हणून! तर गप्प बसले आणि एक मफलर विणला. पण हात असा सैल, असा सैल! आणि एक चूक करायचे, ती काही केल्या सुटली नाही. ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे टाकतात, मग काठाचा टाका एकाचे दोन दिसतो, आणि हे भोळेपणाने दोन्ही विणतात. म्हणजे प्रत्येक ओळीला एक टाका वाढतो. तो मफलर सुरुवातीला मफलर होता आणि शेवटी शाल झाली होती. मी किती ओरडले, अहो धागा खाली ठेवा, खाली! तर म्हणायचे, वाढतंय ना, कमी तर होत नाही.

तर मी एकदा दुकानातून आले, सहज ब्लँकेट हातात घेतलं, आणि बघते तर चार बोटं वाढलेलं. आणि रुंद झालेलं. मला आधी वाटलं माझंच डोकं फिरलं. मग बोट घातलं, आरपार गेलं. हे तिकडे पेपर वाचताहेत. पेपर इतका तोंडाजवळ धरलेला की एक अक्षर दिसत नसणार, चष्म्याचा नंबर मला पाठ आहे ना त्यांचा. मी काय केलं असेल? सगळं उसवलं. त्यांच्यासमोर बसून, सगळ्या ओळी, खर्र खर्र खर्र. दुष्टपणा गं नुसता. पेपर काही खाली ठेवला नाही त्यांनी. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आले तर — तेवढंच परत विणलेलं! तेवढंच, तसंच, सैल, आणि काठाला एकेक टाका जास्त. मग नाही उसवलं मी. मी आपले दोन-दोन टाके एकत्र घेत रुंदी परत जागेवर आणली आणि पुढे विणलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा वाढवली. मी कमी केली. म्हणून बघ ना याचा आकार कसा झालाय, इथे कंबर, इथे पोट, परत कंबर, परत पोट. कोणाला दाखवायची सोय नाही. आणि सुयांच्या टोकांना खोडरबराचे तुकडे खोचून ठेवायचे रोज, लबाडाला टोचू नये म्हणून. मला बरं वाटायचं ते तुकडे काढताना. सुटे गुंडे त्यांना करता येत नाहीत, गुंता करतात, म्हणून मी सकाळी निघताना एक गुंडा नीट गुंडाळून ठेवून जायचे. एवढंच.

थंडी? संपत आलीच की. तेच म्हणतेय, थंडी संपत आली तरी हे एवढंसं ब्लँकेट संपलं नाही, आणि माझा हात काय साधासुधा नाही, एका आठवड्यात स्वेटर उतरवलाय मी. खरं सांगू? मी हळू विणत होते. दोन ओळी विणायच्या आणि ठेवून द्यायचं. कारण हे संपलं की — म्हणजे संपलं की संपलंच ना मग. मग मी दुकानातून येऊन काय बघू? — हे मी तुला का सांगतेय कोण जाणे. तुझ्या मांजराला हवा लागतेय का बघ, झाकण जरा उघड.

तर उशीर. हो, ते राहिलंच. उशीर कसा झाला ते सांगते, आणि हे मात्र हसू नकोस. मी कणसं उकडली होती. ह्यांच्या वाटची ताटलीत झाकून ठेवली, लबाडाला म्हटलं, सांग त्यांना, कणीस ठेवलंय. त्यांनी खाल्लं, दांडे ताटलीत ठेवले, ताटली खाली ठेवली. निरोप्याने आपली मजुरी घेतली. आम्हाला पत्ता नाही. आता त्याचं खाणं असं, की सकाळी वाडगं मी भरते आणि दुकानात जाते, संध्याकाळी हे भरतात आणि फिरायला जातात. तो खाईना. दुपारी ह्यांना वाडगं भरलेलं दिसलं. त्यांना वाटलं, मी लाडाने दुसऱ्यांदा भरलंय, पोट भरलं असेल त्याचं, मुंग्या लागतील म्हणून टाकून दिलं आणि घासून ठेवलं. संध्याकाळी मला भरलेलं दिसलं. मला वाटलं, ह्यांनी चहाबरोबर टोस्ट चारले असणार, म्हणून आता जेवत नाही. मीही टाकलं, घासून ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. वाडगं आपलं आरशासारखं लख्ख! दोघंही घासतोय, दोघंही एकमेकांवर मनातल्या मनात चिडतोय, आणि तो मधे उंबऱ्यावर उपाशी. एक वाक्य, गं. तो जेवला का, एवढं एक वाक्य कोणी कोणाला विचारलं असतं तर. सगळ्या जगाचे निरोप त्याने पोचवले आमचे, त्याचा स्वतःचा निरोप कोण पोचवणार?

आज सकाळी दूध उतू जात होतं, मी म्हटलं, लबाड, सांग त्यांना, गॅस बंद करा, माझे हात ओले आहेत. तो उठला. म्हणजे पुढचे दोन पाय उभे केले, मागचे उठेनात. पुन्हा प्रयत्न केला. खरं सांगायचं तर — तो जायला बघत होता गं, ह्यांच्याकडे. सांग म्हटलं ना मी. मग बसला आणि माझ्याकडे बघितलं. दूध गेलं उतू. मी धावले, हे तिकडून धावले, दोघं गुडघ्यांवर त्याच्या दोन बाजूंना, आणि तरीही — ऐक — तरीही हे त्याला विचारताहेत, साहेब, काल जेवलात ना तुम्ही? आणि मीही त्यालाच विचारतेय, का रे, संध्याकाळी ह्यांनी दिलं ते खाल्लं नव्हतंस? असं कळलं आम्हाला. कुत्र्याला विचारून! टॅक्सीत बसलो तर मी ड्रायव्हरला म्हणतेय डावीकडे घ्या, हे म्हणताहेत लवकर घ्या, मधे कुत्रा मांडीवर, अर्धा माझ्या, अर्धा ह्यांच्या. त्या ड्रायव्हरने विचारलं, तुम्ही दोघं एकाच ठिकाणी उतरणार ना?

ते काय, ते तिथे. काचेतून बघ, फाटकापाशी, करड्या टोपीवाले. केव्हाचे फेऱ्या मारताहेत. आत येऊन बसत नाहीत, बाक एकच आहे ना. सकाळी ते जाकीट चढवलं आणि उलटी बटणं लावली, एक वर एक खाली, तशीच आहेत अजून. नाही, मी कशाला सांगू? लबाड आत आहे. म्हणजे मला म्हणायचंय — हो, तेच म्हणायचंय. सांगायला कोण आहे?

अगं बाई.

थांब. नाही, काही नाही, लोकर संपली. हे बघ, धागा इथे संपला, आणि टाके अजून एवढे उघडे. असं कसं होईल, मी हिशेबाने काढली होती, एक निळा गुंडा होता कडेसाठी ठेवलेला. गेल्या आठवड्यात सापडेना. सगळं घर पालथं घातलं मी, पलंगाखाली, कपाटामागे. लबाडालाही बोलले, तूच पळवलास म्हणून. बिचारा. शेवटी म्हटलं जाऊ दे, आहे त्यात भागवू, आणि आता बघ पंचाईत. पिशवीत? नाही गं, पिशवीत काही नाही, पाण्याची बाटली आणि — कुठे? काय दाखवतेस? त्यांच्या खिशात? उजव्या? थांब, चष्मा पुसते. हो की. निळी लोकर लोंबतेय. खिसा केवढा फुगलाय! हा माणूस गुंडा खिशात घेऊन — गेल्या आठवड्यापासून — म्हणजे मी इथे धागा नाही म्हणून जीव टांगणीला लावून बसलेय आणि ह्यांनी तो —

काय म्हणालीस? पुन्हा म्हण.

संपू नये म्हणून?

छे. असं काही नसतं. ते कशाला... कडेचाच गुंडा घेतला मात्र. बाकीचे सगळे घरी लोकरीच्या टोपलीत होते, हाताला लागतील असे. कडेचाच घेतला. मला वाटत होतं मी एकटीच हळू विणतेय.

हे बघ, असं करतेस का? तू जरा जाशील तिथे? दोन पावलं आहेत. त्यांना म्हण, त्या बाई लोकर मागताहेत. नुसतं तेवढंच, दुसरं काही नको. मांजर मी धरते तुझी. आणि बटणंही सांग, जाता जाता. आणि म्हण, वाऱ्यात उभं राहू नका, कान दुखतो त्यांचा डावा. तुझंच म्हणून सांग हं, माझं नको. जा की, तुला काय अवघड आहे, तू तर — कोणाला बोलावताहेत? शिंकणारी मांजर? तुलाच गं. आत्ताच? अगं मग — नाही, नाही, जा, तुझा नंबर कशाला घालवतेस. टोपली नीट धर, खालून हात लाव. जा म्हणते ना. माझं काय, मी बघते. जा बाई.

...

अहो.

अहो!

इकडे. हो, तुम्हालाच. दुसरं कोण आहे फाटकात? तो निळा गुंडा काढा खिशातून आणि आत या. दार ढकला, ओढू नका, ढकला. हं. बसा. बसा इथे, जागा आहे. बटणं — थांबा, हात खाली, मी लावते. केवढे गार पडलेत हात. हे टोक धरा घट्ट, मी टाके बंद करते. घट्ट म्हटलं. तुमचं सगळंच मेलं सैल. आणि त्या भाषणाचं मी बोलणार आहे, घरी गेल्यावर, सोडणार नाही तुम्हाला, आज नुसती लोकर घेतेय. — कोणतं भाषण? कोणतं भाषण म्हणताहेत! ऐकलंस का गं, हे विचारताहेत कोणतं... गेली ती आत. बरं झालं. रडताय कशाला, धरा नीट. तीन टाके राहिलेत. मीही काही रडत नाहीये. दोन.

कोण? साहेबांचे? हो, आम्हीच. आम्ही दोघं आहोत. झालं? म्हणजे — कसा आहे? डोळे उघडले? कोणतं नाव घेतलं तुम्ही, साहेब म्हटलं? लबाड म्हणून बघा एकदा, नाहीतर आम्हीच येतो, झालंच हे ब्लँकेट, हा शेवटचा — काय? शेपूट? हलली?

अहो, ऐकलंत का!